जमिनीत आहे, पण पिकाला मिळतं का?

जून उजाडला की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या खतदुकानांपुढं रांग लागते ती दोनच पोत्यांसाठी, डीएपी आणि युरिया. डीएपी मिळालं नाही तर पेरणी अडल्यासारखं वाटतं आणि मिळालं की खताचा विषय मिटला असं आपण धरून चालतो. बीदर-कलबुर्गीच्या बऱ्याच रानांत मात्र पीक अडतं ते या दोन पोत्यांत नसलेल्या गोष्टींपाशी. आणि पोत्यात जे असतं, त्यातलाही मोठा वाटा मुळापर्यंत पोचतच नाही. अन्नद्रव्य जमिनीत असणं वेगळं आणि ते पिकाला मिळणं वेगळं. हा फरक कळला की खताचा खर्च कुठं कमी करायचा आणि कुठं थोडा वाढवायचा, हे ठरवता येतं.

आधी जमीन बघू. आपल्या भागात दोन अगदी निराळ्या स्वभावाच्या जमिनी शेजारी शेजारी नांदतात. बीदर शहर ज्या पठारावर आहे ते जांभ्याचं. तिथली माती तांबडी, पाण्याचा लवकर निचरा होणारी, लोहानं भरलेली. पठार उतरून मांजरा-कारंजाच्या खोऱ्यात किंवा आळंद-अफजलपूरकडे गेलं की काळी माती लागते. ही बेसाल्टच्या खडकातून तयार झालेली, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात चिकटणारी. पुढं शहाबाद, चित्तापूर, सेडमकडे जमिनीखाली चुनखडक आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांतून जी शहाबादी फरशी दिसते, ती इथलीच. काळ्या रानात दोन हात खणलं की पांढरे खडे सापडतात, ते चुनखडीचे. एखाद्या खड्यावर लिंबू पिळून बघा, बारीक फेस येईल. अशा रानाचा सामू बहुधा आठच्या वर असतो. पुढं स्फुरद, जस्त, लोह यांच्याबद्दल जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं या चुन्यात आणि या सामूत आहे.

काळ्या मातीचा कण फार बारीक असतो आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो. धनभार असलेली अन्नद्रव्यं म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि अमोनियम. ती या कणाला दावणीला बांधलेल्या जनावरांसारखी राहतात. मूळ जवळ आलं की एकेक सुटतं, पावसानं वाहून जात नाही. नायट्रेट आणि सल्फेट यांच्यावर मात्र ऋणभारच असल्यानं त्यांना दावण नाही. पाणी जिकडं जाईल तिकडं तीही जातात.

आता युरियाचं काय होतं ते पाहा. ओलसर, उबदार मातीत पडलेला युरिया काही दिवसांत अमोनियम होतो आणि नंतर जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मधल्या वाटेवर तीन ठिकाणी नुकसान होतं. खत वरच पडून राहिलं आणि जमिनीचा सामू जास्त असला तर अमोनियाचा वायू होऊन ते उडतं. काळ्या, चुनखडीच्या रानात हे हमखास घडतं. नायट्रेट झाल्यावर मोठा पाऊस आला तर ते मुळांच्या खाली निघून जातं, हलक्या तांबड्या रानात जास्तच. आणि काळ्या रानात पाणी साचून राहिलं तर हवेवाचून जगणारे जिवाणू त्याच नायट्रेटचा वायू करतात.

बीदरच्या किल्ल्यात याचा एक जुना पुरावा बघायला मिळतो. बिदरीचे कारागीर भांड्याला काळा रंग आणण्यासाठी नवसागराबरोबर किल्ल्यातली माती वापरतात, आणि ती घेतात जिथं वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही अशा आडोशातून. त्या मातीत सोऱ्याचा अंश असतो, असं त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. छपराखाली तो टिकला; उघड्या रानातला आपला नायट्रेट एका झडीत कुठल्या कुठं जातो.

म्हणून ऊस, ज्वारी, मका यांना युरिया एकदम न देता तीन-चार हप्त्यांत, ओल असताना आणि मातीआड करून द्यावा. फेकून दिलेला युरिया हिरवेपणा दाखवतो, पण पैशाच्या मानानं थोडाच. तुरीला तर तो जवळजवळ लागतच नाही. तूर, सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात. पेरणीनंतर महिन्याभरानं एखादं झाड मुळासकट हलक्या हातानं उपटा, गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल रंग असला तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असली तर नुसतीच बसून आहे. आयता नत्र जास्त मिळाला की झाड गाठी करण्याचा आळस करतं, म्हणजे कडधान्याला जास्त युरिया देणं हे पैसे देऊन फुकटचं बंद करण्यासारखं आहे. गाठी कमी असतील तर पुढच्या वर्षी बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावून, सावलीत सुकवून, लगेच पेरा.

स्फुरदाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. नत्र पळतो, स्फुरद हलतच नाही. खताचा दाणा जिथं पडला तिथून काही मिलिमीटरच्या पुढं तो जात नाही, मुळालाच त्याच्याकडं यावं लागतं. शिवाय तो चटकन अडकतो. काळ्या, चुनखडीच्या मातीत कॅल्शियमला, जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमला. टाकलेल्या स्फुरदातला थोडाच भाग त्या हंगामात पिकाला मिळतो. बाकीचा जमिनीतच पडून राहतो. दर वर्षी डीएपी टाकत आलेल्या कित्येक रानांत त्यामुळं स्फुरदाचा चांगला साठा आहे, आणि मालकाला त्याचा पत्ता नाही.

इथं आपली तूर मोठी हुशार निघाली. हैदराबादजवळ पटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, हुमनाबादहून हैदराबादला जाताना महामार्गालाच लागते. तिच्या शिवारात तांबडी आणि काळी अशा दोन्ही जमिनी आहेत. तिथं काम करणारे जपानी शास्त्रज्ञ नोरिहारु आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल नावाचा पदार्थ सोडतात. तो लोहाला धरतो आणि लोहानं अडकवून ठेवलेला स्फुरद मोकळा करतो. इतर पिकांना जो स्फुरद मिळत नाही, तो तूर काढून घेते. हरभऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याची मुळं सायट्रिक आम्ल भरपूर सोडतात, आणि ते कॅल्शियमला अडकलेल्या स्फुरदावर चालतं. म्हणजे तांबड्या रानात तुरीची आणि काळ्या रानात हरभऱ्याची मुळं आपापल्या कुलपाची किल्ली घेऊनच जन्माला येतात. तुरीचा पाला जमिनीवर गळतो, कुजतो, आणि त्यातून हा मोकळा झालेला स्फुरद पुढच्या पिकालाही मिळतो. पिकांची फेरपालट कशासाठी करायची, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

याचा अर्थ स्फुरद द्यायचाच नाही असा नव्हे. रोप लहान असताना मुळं आखूड असतात, तेव्हा स्फुरद जवळच लागतो. म्हणून स्फुरदाचं खत फेकू नका. तिफणीच्या दुसऱ्या चाड्यातून बियाण्याच्या बाजूला, थोडं खाली पडेल असं पेरा. उभ्या पिकात वरून टाकलेलं डीएपी हा मला सगळ्यात अनाठायी खर्च वाटतो.

पालाशाबद्दल थोडक्यात. काळ्या मातीत तो मुळातच भरपूर असतो, कोरडवाहू तुरीला सहसा वेगळा द्यावा लागत नाही. अनेक वर्षं ऊस घेतलेलं रान आणि हलकं तांबडं रान हे त्याला अपवाद. उसाचं पाचट पेटवलं तर त्यातला नत्र आणि गंधक धुरावाटे जातो. पालाश राखेत उरतो, पण ती राख पहिल्याच वावटळीत शेजाऱ्याच्या रानात. पाचट सरीत आच्छादून ठेवलं तर तिन्ही घरात राहतात.

आता मुख्य मुद्दा. कर्नाटक सरकारच्या कृषी खात्यानं इक्रिसॅटच्या मदतीनं २००९ साली भूचेतना नावाचा कार्यक्रम सुरू केला. इक्रिसॅटकडून त्याची धुरा डॉ. सुहास वाणी यांच्याकडं होती. गावोगावच्या शेतांतले मातीचे हजारो नमुने तपासले गेले, आणि निघालं ते असं की कर्नाटकातल्या निम्म्याहून अधिक शेतांत गंधक, जस्त आणि बोरॉन कमी आहेत. पालाशाची कमतरता त्या मानानं फारच थोडी. कोरडवाहू पिकाचं उत्पादन वीस टक्क्यांनी वाढवायचं उद्दिष्ट होतं, आणि त्यासाठी जिप्सम, झिंक सल्फेट आणि बोरॅक्स ही साधी, स्वस्त खतं रैत संपर्क केंद्रांतून अनुदानावर देण्यात आली. आजही ती तिथंच मिळतात. या तिन्हींच्या विक्रीत फारशी कमाई नाही, म्हणून दुकानदार आपणहून त्यांची नावं काढत नाही, एवढंच.

गंधक का कमी झाला? एके काळी अमोनियम सल्फेट आणि सिंगल सुपर फॉस्फेट वापरात होती, दोन्हींत गंधक आपोआप यायचा. त्यांची जागा युरिया आणि डीएपीनं घेतली, ज्यांत तो जवळजवळ नाही. पीक मात्र दर वर्षी तो उचलतच राहिलं. गंधकाशिवाय मेथिओनीन आणि सिस्टीन ही अमिनो आम्लं बनत नाहीत, म्हणजे डाळीतलं प्रथिन पुरतं होत नाही आणि करडई-सोयाबीनमध्ये तेलाचा उतारा घटतो. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती डाळ ज्या रानात पिकते त्याचा गंधक आपण मोजतच नाही, हे काही बरं नाही.

जस्ताचं वागणं सामूवर चालतं. सामू एका अंकानं वाढला की जस्ताची विद्राव्यता जवळपास शंभर पटींनी घसरते. म्हणून काळ्या रानात जस्त असूनही नसल्यासारखं. झाडात वाढीची संप्रेरकं तयार व्हायला ते लागतं. कमी पडलं की पेरी आखडतात, कोवळी पानं लहान राहतात. बिदरीचं भांडं बहुतांशी जस्ताचं असतं, आणि त्याच बीदरच्या रानात जस्त मागून आणावं लागतं. एक पथ्य मात्र कटाक्षानं पाळा. झिंक सल्फेट आणि डीएपी एकत्र मिसळू नका. दोन्ही मिळून न विरघळणारं झिंक फॉस्फेट तयार होतं आणि दोन्हींचे पैसे मातीत जातात. झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी वेगळं द्या.

बोरॉन लागतं अगदी चिमटीभर, पण लागतं ते फुलाच्या वेळी. परागनलिका वाढून बीजांडापर्यंत पोचायला ते हवं. तुरीला फुलं लदबदलेली आणि शेंगा मात्र विरळ, सूर्यफुलाचं तबक मधोमध पोकळ, अशी लक्षणं दिसली तर कीड, ढगाळ हवा आणि पाण्याचा ताण यांबरोबर बोरॉनचाही विचार करा. इथं सावधपणा हवा. बोरॉन कमी पडणं आणि जास्त होऊन पीक करपणं यांत अंतर फार थोडं आहे. ‘थोडं जास्त टाकू’ ही सवय युरियात खपते, बोरॅक्समध्ये नाही.

पान वाचायला शिकलात तर खूप काही कळेल. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही झाडाच्या आत हलणारी द्रव्यं. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह, जस्त, बोरॉन, कॅल्शियम आणि बऱ्याच अंशी गंधक हलत नाहीत, त्यामुळं त्यांची तक्रार शेंड्याकडून येते. जुलैत सोयाबीनची वरची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. पण काळ्या मातीत लोह भरपूर असतं! चुना आणि साचलेलं पाणी यांमुळं मूळ ते घेऊ शकत नाही. तेव्हा पहिला उपाय खत नसून चर काढून पाणी बाहेर काढणं हा आहे. वापसा आला की निम्मं पीक आपोआप हिरवं होतं. नाहीच झालं तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडं सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी फवारा. आणि पिवळेपणा शिरांना न जुमानता वेड्यावाकड्या ठिपक्यांनी पसरला असेल तर तो पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीनं आणलेला रोग. त्यावर लोहाची फवारणी म्हणजे पाणी ओतणं.

डोळ्यांना दिसायच्या आधीच उत्पादन घटलेलं असतं, म्हणून माती तपासणं उत्तम. हरभरा निघाल्यावर, एप्रिल-मे महिन्यात, शेणखत-खत पडायच्या आधी नमुना काढा. तांबडा तुकडा आणि काळा तुकडा एकाच सर्व्हे नंबरात असले तरी त्यांचे नमुने वेगळे. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा सोडून दहा-बारा ठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेलं वापरू नका, अहवालात जस्त उगाच जास्त दिसेल. प्लास्टिकचं घमेलं आणि लाकडी पट्टी चालते. खताच्या रिकाम्या पोत्यात तर माती मुळीच भरू नका. सावलीत वाळवून, कापडी पिशवीत, नाव, गाव आणि सर्व्हे नंबर लिहून रैत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या.

परत मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका कन्नडात असते, आणि सीमाभागातल्या बऱ्याच मराठी घरांत ती न वाचताच कपाटात जाते. काही शब्द ओळखीचे करून घेतले तर पुरे. रससार म्हणजे सामू, सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब. सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, सतु म्हणजे जस्त, कब्बिण म्हणजे लोह. गंधक, बोरॉन आणि पोट्याश तर आपलेच. शाळेत कन्नड शिकणारी नात किंवा नातू पाच मिनिटांत वाचून दाखवील.

आकडे असे बघा. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमी. गंधक १० पीपीएमच्या खाली, जस्त ०.६ च्या खाली, बोरॉन ०.५ च्या खाली आणि लोह ४.५ च्या खाली असेल तर ती कमतरता समजा. पत्रिकेत बारा बाबी असतात, पण आपल्या रानासाठी मी आधी सामू, कर्ब, गंधक, जस्त आणि बोरॉन एवढ्या पाचांवर बोट ठेवीन.

आता कोरडवाहू तुरीचा हिशेब मांडू. एकरी साधारण १० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद ही शिफारस. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं, म्हणजे एका पोत्यात काम झालं, युरिया नको. सोबत पेरणीआधी ८० किलो जिप्सम पसरून द्यायचं, त्यातून बारा-तेरा किलो गंधक मिळतो. डीएपीची टंचाई असली तर रांगेत दिवस घालवण्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेटची अडीच पोती आणि २० ते २२ किलो युरिया घ्या. नत्र-स्फुरद तेवढंच मिळतं आणि सुपर फॉस्फेटमधून तेरा-चौदा किलो गंधक वर मिळतो, जिप्समचा खर्च वाचतो. मला स्वतःला आपल्या भागासाठी हाच मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. पोती जास्त, वाहतूक जास्त, ही त्याची अडचण खरी आहे. पत्रिकेत जस्त कमी आलं असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट, बोरॉन कमी असेल तर २ किलो बोरॅक्स, दोन्ही दोन-तीन वर्षांतून एकदाच. चुनखडीच्या रानात चुना टाकू नका. जिप्समही कॅल्शियमचंच असलं तरी त्यानं सामू वाढत नाही.

कर्बासाठी शेणखत हवं, पण जनावरं कमी झाली आणि तुरीच्या काड्या चुलीत जातात, हे वास्तव आहे. त्यावर बांधावर गिरिपुष्प लावणं हा चांगला तोडगा आहे. फांद्या खोचल्या की जगतात, जनावरं फारशी खात नाहीत, आणि वर्षातून दोनदा छाटून पाला सरीत टाकला की नत्र आणि कर्ब दोन्ही मिळतात. सोयाबीनचं भुसकट पेटवण्याऐवजी रानातच पसरा.

शेवटचं काम सगळ्यात कमी खर्चाचं. जिप्सम, जस्त, बोरॉन पहिल्यांदा द्याल त्या वर्षी रानाच्या मधोमध चार-पाच ओळींचा एक पट्टा तसाच ठेवा, त्यात नेहमीचंच खत द्या, आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. बांधाकडेचा पट्टा निवडू नका, तिथलं पीक नेहमीच वेगळं येतं. जानेवारीत त्या पट्ट्याची तूर आणि शेजारच्या तेवढ्याच ओळींची तूर वेगवेगळी झोडपा, वेगवेगळी मोजा, आणि दोन्ही वजनं पत्रिकेच्या मागं लिहून ठेवा. पुढच्या हंगामात किती खर्च करायचा ते त्या दोन वजनांवरून ठरवा.